पीएच.डी.नंतरचे दार कोण उघडणार?

"पोरगा इंजिनीअर झाला, पोरगी डॉक्टर झाली, आता आणखी काय पाहिजे?" आपल्या वस्त्यांत हे सर्रास ऐकू येते. वरणगावात तर जास्तच. ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचे वीजकेंद्र, भुसावळची रेल्वे यांच्या पगारावर इथली घरे उभी राहिली. त्यामुळे नोकरी लागली की शिक्षण संपले, हा हिशेब पक्का बसला. आम्हाला तो मान्य नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी गव्हर्नर जनरलना निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे, असे त्यात स्पष्ट मांडले. त्यासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. मागणारा माणूस स्वतः बॅरिस्टर होता!

आज परिस्थिती काय आहे? बार्टीची फेलोशिप पीएच.डी.पर्यंत. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. त्यापुढे राज्याचा हात आखडतो. आणि पीएच.डी.ची फेलोशिप तरी सुखाने मिळते का? २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधकांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले, कारण सरकार दोनशेच्या पुढे जायला तयार नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात अजित पवारांनी विधान परिषदेत विचारले, पीएच.डी. करून काय दिवे लावणार?

केंद्राच्या योजना आहेत. यूजीसीने २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप जाहीर केली : ९०० जागा, महिना पन्नास हजार, तीन वर्षे. पूर्वीच्या सर्बची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आता एएनआरएफकडे आहे. तिला पीएच.डी.बरोबर एम.डी., एम.एस.ही चालते. हे आपल्या किती डॉक्टरांना माहीत आहे? दवाखाना किंवा सरकारी नोकरी, याशिवाय तिसरी वाट कुणी दाखवलेलीच नसते.

पण खरी अडचण फॉर्म भरण्याची नाही. अर्जाला मार्गदर्शक लागतो. दुसऱ्या संस्थेतल्या एखाद्या प्राध्यापकाने "ये माझ्या प्रयोगशाळेत" म्हटले, संस्थेने संमती दिली, तरच अर्ज पुढे सरकतो. ही ओळख कुठून आणायची? ज्यांच्या घरात दोन प्राध्यापक आहेत त्यांचे काम एका फोनवर होते. जळगावच्या विद्यापीठात किंवा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या पोराने आयआयटीत कुणाला फोन लावायचा? जात इथे शिवी देत नाही, ती ईमेलला उत्तर देत नाही.

दुसरी अडचण वयाची. एएनआरएफची अट पस्तीस वर्षांची, आपल्याला पाच वर्षांची सवलत. आधी शैक्षणिक कर्ज फेडायला नोकरी, मग पीएच.डी., त्यात फेलोशिपच्या हप्त्यांची वाट. चाळिशी दारात येते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. १९२० मध्ये शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेऊन ते परत गेले. प्रत्येकाला नवल भथेना मिळत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. बार्टीने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांसाठी स्वतंत्र पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप सुरू करावी, आणि राज्याच्या दिरंगाईत गेलेले महिने वयाच्या अटीतून वजा करावेत. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि बाबासाहेबांच्या नावाचे लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ यांनी यजमान संस्था म्हणून पुढे यावे.

आणि आपले जे प्राध्यापक, शास्त्रज्ञ मोठ्या संस्थांत बसले आहेत, त्यांनी जयंतीला वर्गणी पाठवून मोकळे होऊ नये. वर्षाला निदान एका संशोधकाचा प्रस्ताव वाचून द्यावा, आपल्या विभागात एकाची ओळख करून द्यावी. वरणगाव-भुसावळच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील पीएच.डी., एम.डी., एम.एस. झालेल्यांची यादी या महिन्यात करायला घ्यावी. यादी झाली की त्यांच्यापर्यंत पोचायचे काम आम्ही करू.