फोनला पॉवर बँक, ट्रकला जनरेटर: ट्रेलर जोडला की इलेक्ट्रिक गाडीची रेंज जाते कुठे?

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲप कॉल आला. तो अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या प्लेनोला राहतो. "ताई, तू गॅजेट्सवर लिहितेस ना? मग एवढंच सांग, लाइटनिंग घेऊ की नको?"

त्याचा प्रश्न साधा वाटतो, पण नाही. त्याच्याकडे जुना पेट्रोल पिकअप ट्रक आहे आणि तो आता शेवटच्या घटका मोजतोय. रोज ऑफिसला जाऊन-येऊन ९० किमी. शिवाय एक कॅम्पर ट्रेलर आहे, म्हणजे चाकांवरची खोलीच समजा: पलंग, छोटा ओटा, बाथरूम. सुट्टीत बायको-मुलांना घेऊन, ट्रकच्या मागे तो ट्रेलर जोडून ही मंडळी फिरायला जातात. दोन गाड्या ठेवायला पैसे नाहीत. त्यामुळे नवीन येणाऱ्या एकाच गाडीने रोजचं ऑफिसही करायचं आणि ट्रेलरही ओढायचा. कर्ज पाच-सहा वर्षांचं. चूक झाली तर तेवढी वर्षं हप्ते भरत बसायचं.

आणि नेमकं याच वेळी त्याच्या आवडत्या गाडीची बातमी आली. फोर्डने १५ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं, की एफ-१५० लाइटनिंग हा पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप आता बंद. पुढची लाइटनिंग येईल ती 'एक्स्टेंडेड रेंज' प्रकारची, म्हणजे मोठी बॅटरी आणि तिला चार्ज करायला गाडीतच पेट्रोलचं जनरेटर. इलेक्ट्रिक योजना गुंडाळण्या-बदलण्याचा खर्च म्हणून कंपनीने १९.५ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला. त्याआधी सप्टेंबरमध्ये रॅम कंपनीनेही आपला पूर्ण इलेक्ट्रिक १५०० पिकअप रद्द करून जनरेटरवाल्या मॉडेलवरच सगळा भर दिला होता.

यामागे कारणं बरीच आहेत. अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडीवर मिळणारी साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. किंमत सुरुवातीला सांगितली होती सुमारे ४० हजार डॉलर, पण लोकांना हव्या त्या मॉडेलला प्रत्यक्षात खूपच जास्त मोजावे लागले. २०२४ मध्ये फोर्डच्या एफ-सीरिजचे सगळे मिळून साडेसात लाखांच्या आसपास ट्रक खपले, त्यात लाइटनिंग जेमतेम ३३ हजार. पण दोन वेगवेगळ्या कंपन्या एकाच उत्तराकडे, म्हणजे जनरेटरकडे वळतात तेव्हा त्यामागचा प्रश्नही एकच असणार. माझ्या मते तो प्रश्न म्हणजे मागे जोडलेला ट्रेलर.

ट्रॅक्टर वीस टन ओढतो, मग हा का दमतो?

मी सांगलीकडची. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर काय दिसतं ते तुम्हालाही माहीत असेल. पन्नासेक एचपीचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यात काठोकाठ ऊस, वर टेपरेकॉर्डर. पंधरा टनांच्या वर वजन आरामात ओढतो. आणि इकडे चारशेच्या वर एचपी असलेला अमेरिकन ट्रक अडीच टनांच्या कॅम्परपुढे हात टेकतो, हे कसं?

फरक वेगाचा आहे. ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसने चालतो. त्याला हवेशी भांडावं लागत नाही, फक्त वजन हलवायचं असतं. टेक्सासच्या हायवेवर लोक ताशी १०० ते १२० ने जातात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९७ वरून १२० वर गेलात तर वेग वाढला पाव पट, पण त्याच अंतरासाठी हवा कापायला दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. आणि कॅम्परचं तोंड म्हणजे सरळ उभी भिंत. पावसात उघडी छत्री समोर धरून स्कूटरवर मागे बसला असाल तर हा अनुभव तुम्हाला आहे.

याचा एक छान पुरावा आहे. २०२२ मध्ये मोटरट्रेंड या अमेरिकन मासिकाने लाइटनिंगला तीन वेगवेगळे कॅम्पर जोडून पाहिले. गाडीची एरवीची रेंज कागदावर सुमारे ४८० किमी. साधारण १,४०० किलोच्या छोट्या कॅम्परसोबत ती १८५ किमीवर आली. २,४०० किलोच्या कॅम्परसोबत १६०, आणि सव्वातीन टनांच्या कॅम्परसोबत १४५. आता हे आकडे पुन्हा वाचा. वजन दुपटीहून जास्त झालं, तरी रेंज आणखी ४० किमीनेच कमी झाली. मोठा खड्डा पडला तो पहिलाच, सर्वांत हलका कॅम्पर जोडल्याबरोबर. म्हणजे रेंज खाल्ली ती मुख्यतः आकाराने. शोरूममधला सेल्समन मात्र "दहा हजार पौंड ओढते" एवढंच सांगतो. दहा हजार पौंड म्हणजे साडेचार टन. ओढते हे खरंच आहे. किती लांब ओढते, ते त्या आकड्यात कुठेही नसतं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून फोन घेण्यासारखंच हे झालं.

पेट्रोलच्या ट्रकचंही मायलेज ट्रेलर जोडला की जवळपास निम्मं होतं. तरी त्याचा एवढा गाजावाजा होत नाही, कारण टाकीत ऊर्जाच अफाट असते. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ किलोवॅट-तास वीज मावते, म्हणजे आपल्या वीजबिलातली १३१ युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८.९ युनिट ऊर्जा असते. भागाकार करा: एवढी अवजड बॅटरी बरोबर पंधरा लिटर पेट्रोल! दोन बाइकच्या टाक्यासुद्धा धड भरणार नाहीत. पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया घालवतं आणि मोटर फार कमी घालवते, म्हणून रोजच्या वापरात बॅटरी जिंकते. पण ट्रकची टाकी शंभर लिटरच्या घरातली असते आणि पाच मिनिटांत पुन्हा भरते.

बॅटरीचं तसं नाही. भाऊ दरवर्षी समुद्रावर गॅल्व्हस्टनला जातो, प्लेनोहून साधारण ४९० किमी. त्याचा कॅम्पर सामानासकट २,४०० किलोच्या आसपास, म्हणजे रेंज धरू १६० किमी. निघताना बॅटरी फुल्ल, १५ टक्क्यांपर्यंत उतरवायची: पहिला टप्पा १३५ किमी. पुढे फास्ट चार्जरवर १५ ते ८० टक्के व्हायला फोर्डच्या सांगण्याप्रमाणे ४१ मिनिटं, आणि त्यात मिळतात १०० किमीच्या आसपास. म्हणजे तास चालवा, पाऊण तास थांबा, असं तीन-चार वेळा. त्यातही बहुतेक चार्जिंग स्टेशनची जागा कारच्या पार्किंगसारखी असते, मागे कॅम्पर घेऊन तिथे शिरताच येत नाही. मग कॅम्पर आधी सोडा, बाजूला लावा, चार्ज करा, पुन्हा जोडा. मागच्या सीटवर दोन लहान पोरं.

पॉवर बँकवाला उपाय

आता जनरेटरचं बघू. हे तुम्हाला लगेच कळेल, कारण आपण सगळे ट्रेकला हेच करतो. दिवसभर फोन स्वतःच्या बॅटरीवर, आणि हॉटस्पॉट चालू करून बॅटरी झपाट्याने उतरायला लागली की पॉवर बँक. फरक एवढाच, की इथली पॉवर बँक पेट्रोल पिते. चाकं कायम मोटरच फिरवते. इंजिन फक्त वीज बनवतं. रॅमने आपल्या ट्रकसाठी ९२ युनिटची बॅटरी, ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन, १३० किलोवॅटचं जनरेटर आणि एकूण ६९० मैल, म्हणजे ११०० किमीची रेंज सांगितली आहे. नव्या लाइटनिंगसाठी फोर्डचा अंदाज ७०० मैलांच्या वर आहे.

पण पॉवर बँक घेताना जाणकार माणूस आधी काय विचारतो? नुसतं एमएएच नाही, वॅटही विचारतो. गेम खेळताना फोन खातोय जास्त आणि पॉवर बँक देतेय कमी, तर चार्जिंगला लावूनही टक्के उतरतातच. इथेही तेच आहे. भावाचा कॅम्पर ताशी १०० ने ओढायला साधारण ८० किलोवॅट सतत लागतील. १३० चं जनरेटर त्याला सपाट रस्त्यावर पुरेल. कोलोरॅडोच्या लांबलचक चढावर गरज त्याच्या वर जाईल, तेव्हा फरक बॅटरीने भरून काढायचा, आणि नेमकी तीच तेव्हा रिकामी असेल तर? बीएमडब्ल्यूच्या छोट्या आय३ कारमध्ये स्कूटरवरून घेतलेलं ६४७ सीसीचं इंजिन जनरेटर म्हणून होतं. लांब चढावर बॅटरी संपली की गाडी रडतखडत चालते, अशा तक्रारी अमेरिकेत बऱ्याच झाल्या. ट्रकचं जनरेटर कितीतरी मोठं आहे हे मान्य. तरी भावाला मी एवढंच म्हटलं, की ११०० किमीचा आकडा ट्रेलरशिवायचा आहे. ट्रेलर जोडून, चढावर, उन्हाळ्यात काय होतं ते इतरांनी वापरून दाखवेपर्यंत पहिल्या रांगेत उभा राहू नकोस.

नव्या ट्रकसाठी थांबायला त्याच्याकडे वेळही नाही. मग हायब्रिड? फोर्डच्याच एफ-१५० मध्ये पॉवरबूस्ट नावाचं हायब्रिड आहे. ट्रेलर निवांत ओढतं, एरवी लिटरला दहाएक किमी देतं. त्याचा काही दोष सांगता येत नाही. पण रोजचे ९० किमी पेट्रोलवरच. भावाच्या घरी गॅरेज आहे, वीज १५ सेंट युनिटच्या आसपास पडते. लाइटनिंगला रोजच्या फेरीचे चार डॉलर, त्याच्या जुन्या ट्रकला आठाच्या वर. वर्षाला हजारेक डॉलरचा फरक.

इथपर्यंत आमचं दोघांचं गाडं स्पेसिफिकेशनमध्येच रुतलं होतं. मग त्याच्या बायकोने मागून विचारलं, "अरे, पण आपण कॅम्पर काढतो किती वेळा?" भाऊ म्हणाला, "सारखाच की!" तिने फोन काढला आणि गुगल फोटोजमध्ये कॅम्परचे फोटो तारखेनुसार मोजले. दोन वर्षांत ११ वेळा. त्यातल्या ८ वेळा घरापासून साधारण ७० किमीवरच्या रे रॉबर्ट्स तलावावर, आणि ३ वेळा गॅल्व्हस्टनला.

हे काही त्यांचंच नाही. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संशोधन संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतले साधारण तीन चतुर्थांश पिकअपवाले वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा ट्रेलर ओढतात, असं दिसलं होतं. भाऊ तर त्या मानाने बराच ओढतो.

त्या ११ मुळे चित्र बदललं. तलावाच्या ८ फेऱ्या लाइटनिंगला एका चार्जमध्ये जाण्यापुरत्या सहज जमतात. परतीचं काय? तर कॅम्परवाल्यांच्या जागेत विजेचा खांब असतो, बऱ्याच ठिकाणी ५० अँपिअरचा. त्यावरून तासाला नऊ-साडेनऊ युनिट घेता येतात, रात्रभरात ट्रक बऱ्यापैकी भरतो. मात्र काही कॅम्पग्राउंड गाडी चार्ज करायला मनाई करतात किंवा वेगळे पैसे घेतात, तेव्हा बुकिंगआधी फोन करून विचारायला हवं. राहिल्या गॅल्व्हस्टनच्या ३ फेऱ्या. त्यासाठी पेट्रोल ट्रक भाड्याने. इथेही करार वाचावा लागतो, कारण काही भाडे कंपन्या ट्रेलर जोडायला परवानगी देतात आणि काही साफ नाही म्हणतात.

एक गोष्ट मात्र कुठलाही ट्रक घेतला तरी लागू, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे ट्रकच्याच पाठीवर येतो. भावाच्या बाबतीत धरा २९० किलो. चौघं माणसं २६०. सायकली, कूलर, सटरफटर १२०. झाले ६७० किलो. ट्रकने स्वतःवर किती वजन घ्यायचं ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि बऱ्याच ट्रकांवर तो आकडा ७०० किलोच्या आसपास निघतो. म्हणजे जाहिरातीतल्या साडेचार टनांच्या निम्माच ट्रेलर जोडलाय, आणि ट्रकची पाठ तर भरली! भावाने पाहिलेल्या दोन सेकंडहँड लाइटनिंगमध्ये म्हणूनच आधी तो स्टिकर बघायला सांगितला, आणि टोइंग पॅकेज बसवलंय का तेही. ते नसेल तर साडेचार टनांचा आकडा त्या गाडीला लागूच होत नाही.

माझी एक शंका अजून आहे. बंद झालेलं मॉडेल घेणं म्हणजे बंद झालेला फोन घेणं. आज स्वस्त मिळेल, पाच वर्षांनी सॉफ्टवेअर अपडेट आणि विकताना येणारी किंमत यांचं काय? भावाचं म्हणणं, तो गाडी विकतच नाही, मरेपर्यंत वापरतो. जुन्या ट्रककडे बघता ते खरंच आहे.

शेवटी मी त्याला दोन कामं दिली. 'अ बेटर रूटप्लॅनर' ॲपमध्ये गाडी टाकून वीजखपताचा आकडा हाताने दुप्पट-अडीचपट करायचा आणि तलावाचा रस्ता काढून बघायचा. आणि स्वतःचाच कॅम्पर जोडून टेस्ट ड्राइव्ह मागायची. डीलर आधी कां-कूं करत होता, मग हो म्हणाला. येत्या शनिवारी हायवेवर तीस किलोमीटर जाऊन-येऊन, किती टक्के उतरले त्याचा स्क्रीनशॉट भाऊ मला पाठवणार आहे.