सोबत राहिल्याशिवाय पाळक घडत नाही

“बायबल मोबाइलवर शिकता येतं, मग वसतिगृहाचा खर्च कशाला?” असे मंडळीत ऐकू येते. आम्हांला हे मान्य नाही. मार्क ३:१४ वाचा: प्रभूने बारा जणांना नेमले, ते आधी सोबत राहण्यासाठी, मग उपदेशाला पाठवण्यासाठी. आपल्या बडोद्यातही मेथडिस्टांची फ्लॉरेन्स निकोल्सन थिऑलॉजी शाळा पाळक घडवीत आली. १९८३ साली यवतमाळहून पुण्याला गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत आजही नाना प्रांतांची, नाना भाषांची मुले एकत्र राहून शिकतात. ग्रीक व्याकरण मोबाइल शिकवील. पण रुसलेल्या खोलीसोबत्याशी प्रार्थनेआधी समेट करणे कोण शिकवील? तेच न शिकलेला पाळक उद्या आपली भांडणे कशी मिटवणार? म्हणून दानपेटीत एका विद्यार्थ्याच्या जेवणाचा वाटा टाकू या. आमेन.