झाडाचं नाव माहितीये?

वीकेंडला ट्रेक, चार रील्स, वर कॅप्शन ‘नेचर लव्हर’. पण ज्या झाडाखाली फोटो काढलात, त्याचं नाव सांगता येईल?

मारुती चितमपल्ली कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकले, वनखात्यात ३०हून अधिक वर्षं राहिले. तरी आदिवासींकडे शिकायला बसताना त्यांचं अधिकारीपण आड आलं नाही. पाखरांची नावं, सवयी त्यांनी ऐकून टिपून ठेवल्या. कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ हा शब्दही त्यांनीच मराठीला दिला. पुढे २००६ मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

पॅकेजच्या शर्यतीत आपण सतत स्वतःला मोठं करून दाखवतो. रानात ते चालत नाही. पक्षी बघायचा तर गप्प बसावं लागतं, स्पीकर घरी ठेवावा लागतो. नम्रपणाची ही प्रॅक्टिस फुकट मिळते, मग घ्यायला काय हरकत आहे?

पुढच्या ट्रेकला वाट दाखवणाऱ्या गावातल्या दादांना पाच झाडांची नावं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्यांचे पैसे घासाघीस न करता द्या. गावातली जुनी माणसं गेली, की ही नावं गुगललाही सापडणार नाहीत.