रुग्णशय्येवरील शिपायाचें ताट

युद्धाच्या कथांत तोफांचें वर्णन पुष्कळ असतें. परंतु शिपाई रुग्णशय्येवर पडला म्हणजे त्याच्या ताटांत काय पडतें, हें फारसें कोणी पाहत नाहीं. आज आम्ही वाचकांचें लक्ष तिकडे वेधणार आहों.

पहिल्या महायुद्धांत, आजच्या इराकांतील कूत-अल-अमारा येथें पुणें डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यांत सांपडली होती. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. हिंदी जवानांचें रुग्णालय गांवच्या बाजारांत थाटलेलें होतें. भाजीपाला मिळेना, तूप, डाळ सरत चालली, जवमिश्रित पिठाचा शिधा दिवसेंदिवस घटूं लागला. तेव्हां घोडे मारून त्यांचें मांस वांटण्यांत येऊं लागलें.

गोऱ्या शिपायांनीं तें खाल्लें. मात्र मैद्याच्या पावामुळें त्यांस बेरीबेरी जडला. आपल्या लोकांस कणीक व डाळ यांनीं त्या रोगापासून वांचविलें. पण ताजें मांस व भाजी या दोहोंच्या अभावीं त्यांस स्कर्व्हीनें गांठलें. हिरड्या सुजाव्या, रक्त यावें, जखमा भरूं नयेत, अशी त्या रोगाची रीत. सेनापति टाउनशेंड यांनीं हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची अनुमति बिनतारी संदेशानें मागविली, ती मिळालीही. तरी पुष्कळांनीं मांसास हात लावला नाहीं. गांवीं परतल्यावर लोक काय म्हणतील, हें भय! शेवटीं एप्रिलांत उपासमार असह्य झाली, तेव्हां बहुतेकांनीं तें पत्करलें. तोंवर कित्येकांची शक्ति खचून गेली होती.

छांदोग्योपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. दुष्काळांत त्यानें माहुताजवळचें उष्टें धान्य खाल्लें, पण पाणी नाकारलें. कारण धान्यावांचून प्राण गेला असता, पाणी तर अन्यत्र मिळण्यासारखें होतें. आपद्धर्माची मर्यादा याहून स्पष्ट ती कोणती?

शास्त्रानें दार उघडलें होतें. तें लोकापवादाच्या भयानें बंद केलें. हजारों कोसांवरच्या त्या ताटावर पहारा घरच्या जिभेचा होता. आपलें माणूस परगांवीं, रणांत वा रुग्णालयांत असेल, तर वडील मंडळींनीं त्यास आधींच निःसंदिग्ध शब्दांत कळवावें : “वैद्य सांगतील तें खा आणि बरा होऊन घरीं ये, तुला येथें कोणी बोल लावणार नाहीं.” औषधाइतकेंच हें पत्रही रुग्णाच्या उशाशीं असावें.