जोड टाक्यांची दुरुस्ती : आधी निदान, मग खर्च

अमेरिकेतील शेतकऱ्याच्या कामकाजात पिकअप जातीच्या लहान मालट्रकला मोठे महत्त्व आहे. फोर्ड कंपनीच्या एफ मालिकेतील पुष्कळ जुन्या गाड्यांना इंधनाच्या दोन टाक्या असत. १९९० नंतरच्या काही वर्षांतील एफ-१५० गाडीत दोहोंमिळून सुमारे १३० लिटर पेट्रोल मावे. पंप दूर असलेल्या शेतवाडीवर ही सोय मोलाची ठरे. १९९७ च्या नव्या आराखड्यापासून या गाडीला एकच टाकी आली. परंतु जुन्या गाड्या अजूनही राबत आहेत आणि त्यांच्या टाक्यांची दुरुस्ती हा मालकांपुढील नेहमीचा प्रश्न आहे.

अशा वेळी दोन चुका सर्रास घडतात. पहिली चूक म्हणजे निदानाशिवाय टाकी बदलणे. एका टाकीवर गाडी चालत असता दुसरी आपोआप भरू लागली व ओसंडून वाहू लागली, तर दोष टाकीच्या पत्र्यात नसतो. इंजिनाकडून परतणारे जादा पेट्रोल ज्या टाकीतून आले तिच्यातच जावयास हवे. १९९० नंतरच्या गाड्यांत प्रत्येक टाकीतील पंपाच्या संचात यासाठी झडप असते. ती झिजली की पेट्रोल भलत्या टाकीत शिरते. येथे नवी टाकी घेणे हा निव्वळ अपव्यय होय. पंपाचा संच बदलला पाहिजे. हा दोष अंगावर काढणेही योग्य नाही, कारण सांडलेल्या पेट्रोलला आग लागण्यास एक ठिणगी पुरते.

दुसरी चूक याहून घातक आहे. गंजून छिद्र पडलेल्या टाकीला वेल्डिंगने ठिगळ लावण्याचा मोह अनेकांना होतो. रिकामी टाकी निर्धोक असते, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेटू शकते. ती हवेहून जड असल्याने टाकीच्या तळाशी साचून राहते, आणि टाकीचा स्फोट होऊन कारागीर प्राणास मुकतो. शिवाय एक छिद्र दिसले म्हणजे भोवतालचा पत्राही कमकुवत झालेला असण्याचा संभव असतो. अशी टाकी बदलणेच इष्ट. त्याबरोबर तिचे गंजलेले पट्टे, रबरी नळ्या आणि गाळणीही नवी घालावी. काम उघड्या जागी, बॅटरी सोडवून व टाकी रिती करूनच करावे.

नव्या टाकीची किंमत जड वाटते हे खरे. परंतु ज्याला दूरचा प्रवास उरलेला नाही, त्याने दुसरी टाकी जोडण्या नीट बंद करवून काढून टाकल्यास खर्च निम्म्यावर येतो. दोन्ही ठेवणाऱ्याने त्या आळीपाळीने वापराव्यात. महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल बिघडते, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत ओलावा धरून पत्रा आतून गंजतो.

आपल्याकडील ट्रॅक्टरची टाकी किंवा डिझेलचे रिकामे पिंप जोडावयास नेतानाही हाच धोका संभवतो. डिझेल पेट्रोलइतके चटकन पेटत नाही. पण ज्योतीच्या उष्णतेने आतील अवशेषांची वाफ होते आणि स्फोट घडतो. थोडे पैसे वाचविण्यासाठी कारागिराचा जीव पणास लावण्याचा अधिकार कोणत्याही मालकास नाही.