डॉक्टरांनी दवाखाना सोडला आणि लेखणी धरली



भांगलणीचे दिवस आले की साप चावल्याच्या बातम्या येतात. म्हणून आज खताची मात्रा बाजूला ठेवून एका डॉक्टरांविषयी सांगतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. जन्म १९४५ चा. कॉलेज सांगलीत, डॉक्टरकी मिरजेत शिकले. कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. साताऱ्यात बारा-एक वर्षे प्रॅक्टिस केली आणि चालता दवाखाना सोडला! पोराला डॉक्टर करायला आपल्याकडे बाप जमीन विकतो, तिथे हे गृहस्थ उलटे निघाले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. १९९८ पासून अखेरपर्यंत साने गुरुजींच्या 'साधना' साप्ताहिकाचे ते संपादक होते. पुस्तकेही बरीच लिहिली.

त्यातल्या एकाचे नाव 'विचार तर कराल?' नावातच प्रश्न आहे, हुकूम नाही. डॉक्टर रोग्याला आधी विचारतो, कुठे दुखते, कधीपासून? आम्हा खात्याच्या लोकांना ही सवय कमीच. हे पेरा, ते फवारा, संपले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तो त्याच डिसेंबरात झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरवले.

नोकरीच्या सुरुवातीला एका गावात मी चावडीवर ठणकावले होते, "मांत्रिकाकडे जाऊ नका." एक म्हातारबा उठले, "सायेब, माझा भाऊ मंत्रानंच उठून बसला की!" मी नुसता चिडलो. दाभोलकरांची पुस्तके वाचल्यावर पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा म्हातारबांना विचारले, "आबा, साप कोणता होता?"

आपल्या रानातले बहुतेक साप बिनविषारी. धामण चावली तर माणूस मंत्राविनाही बरा होतो, आणि श्रेय मांत्रिक घेतो. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर सरकारी दवाखान्यातली सर्पदंशाची लसच हवी. जखम कापू नका, दोरीने आवळू नका, माणसाला चालवू नका. गाडी काढा, तडक दवाखाना गाठा.

आबांनी तंबाखू मळता मळता बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "लांबडी व्हती. पिवळट. धामणच असंल."