फुस्स...!

अप्रेजलचा सीझन आला, की एकच आकडा तीन तऱ्हेने सांगायची कला प्रत्येकाला आपोआप येते. एकूण विक्री वाढली असेल तर एकूण आकडा दाखवायचा. तो अंगावर येत असेल तर 'पर हेड' काढायचं. आणि तेही पुरत नसेल तर टक्केवारी आहेच! एक्सेल शीट तीच, फक्त ग्राफ बदलतो. मिहानमधल्या ऑफिसांत जे चालतं तेच मोठमोठ्या जागतिक परिषदांतही चालतं. विषय मात्र जरा गरम असतो. कोणत्या देशातून किती ग्रीनहाऊस वायू हवेत गेले, हा!

आपल्या देशाचीही अशी शीट आहे. सरकार ती संयुक्त राष्ट्रांकडे पाठवतं. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि त्यांची बाकीची भावंडं, सगळ्यांचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या वजनात बदलून एकच बेरीज केली जाते. आणि हो, यातला कचऱ्याचा हिशेब मांडण्यात आपल्या नागपूरच्या 'नीरी'चाही हात आहे.

ग्राफ नंबर एक : एकूण. 2004 साली गेलेल्या पहिल्या अहवालात 1994 चा आकडा होता, सुमारे 123 कोटी टन. 2010 साठी तो 214 कोटींवर गेला, 2016 साठी 284 कोटींवर आणि 2019 साठी 313 कोटींवर. पंचवीस वर्षांत अडीच पट! मग आलं 2020. आपण सगळे घरात, लॅपटॉप डायनिंग टेबलावर, रस्ते रिकामे. त्या वर्षी आकडा जवळपास साडेपाच टक्क्यांनी उतरून 296 कोटींवर आला. पण देशाला शहाणपण आलं म्हणून तो उतरला नव्हता, देश बंद होता म्हणून उतरला होता. कुलूप निघालं तसा तो पुन्हा चढला.

ग्राफ नंबर दोन : डोईमागे. 2019 चे 313 कोटी टन आपल्या लोकसंख्येत वाटले, तर माणशी सव्वादोन टन येतात. अमेरिकन माणसाचा वाटा याच्या किमान सात पट. एकूण बेरजेत चीन आणि अमेरिकेनंतर आपला नंबर, पण माणशी हिशेबात आपण अगदी साधेभोळे. ग्राफ नंबर तीन : जीडीपीमागे. 2005 ते 2020 या काळात तेवढ्याच कमाईसाठी हवेत जाणारा वायू 36 टक्क्यांनी कमी झाला. 2030 पर्यंत 45 टक्के कमी करू, असा देशाचा शब्द आहे, आणि 2070 पर्यंत नेट झिरो.

तिन्ही ग्राफ खरे आहेत. गंमत इथेच आहे! दिल्लीचा अधिकारी दुसरा आणि तिसरा दाखवणार, कारण वाटाघाटीत तेच न्याय्य आहे. हवेला मात्र पहिलाच कळतो. तिला डोई मोजता येत नाहीत आणि जीडीपीशी तिचं काही देणंघेणं नाही.

आता जरा कोराडीकडे वळू. देशाच्या एकूण बेरजेतला सुमारे 39 टक्के वाटा एकट्या वीजनिर्मितीचा आहे, आणि त्यातला एक छोटा भाग आपण देवीच्या दर्शनाला जाताना गाडीच्या काचेतून बघतो. कोराडीचा पहिला संच 1974 चा. आज तिथे 660 मेगावॉटचे तीन नवे संच आहेत. शेजारी खापरखेडा, पलीकडे मौदा. एका जिल्ह्यात साडेपाच हजार मेगावॉटहून जास्त क्षमता! 'वीज मुंबई-पुण्याला अन् राख आम्हाले' हे वाक्य बर्डीच्या कोणत्याही तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ऐकायला मिळतं, आणि राखेपुरतं ते खोटं नाही. 2022 च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख मुंबईत गेली नाही. 2023 मध्ये कोराडीत आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हा तिथे आवाज चढले ते याचमुळे.

कार्बनचं मात्र तसं नाही. तो कोराडीच्या चिमणीतून निघून कुठेही जातो. म्हणून त्याचं बिल चिमणीच्या नावावर फाडून आपल्याला मोकळं होता येत नाही. ते फाडायचं स्विच दाबणाऱ्याच्या नावावर. म्हणजे... तुमच्या आणि माझ्या!

मे महिन्यात नागपुरात स्विच दाबू नको असं कोण कोणाला सांगणार? 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. 2024 ला तर एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले. नंतर हवामान खात्याने सेन्सरची चूक असल्याचं सांगितलं, पण तोवर अर्ध्या शहराने 'असू शकते भाऊ' म्हणून तो आकडा फॉरवर्डही केला होता! नवतपात रात्री अकराला भिंतीला हात लावा, ती तव्यासारखी लागते. अशा शहरात एसीला चैन म्हणणारा माणूस एकतर महाबळेश्वरचा असावा, नाहीतर त्याचं बिल ऑफिस भरत असावं.

तरी हिशेब करून बघू. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो असं धरा. रात्रीचे आठ तास, आठ युनिट्स. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे रात्रीला साडेपाच किलो, आणि शंभर रात्रींचे साडेपाचशे किलोंच्या वर. आपल्या सव्वादोन टनांचा जवळजवळ चौथा हिस्सा, तोही फक्त झोपण्यासाठी! शेजारच्या काकूंचा खसच्या ताट्यांचा कूलर याच्या पाचव्या हिश्श्यात गार हवा देतो. जुलैच्या दमट हवेत त्याचं काही चालत नाही हे मान्य, पण मे महिना तर त्याचाच असतो.

पण खरी मेख विजेत नाहीच. ती आहे 'गॅस'मध्ये.

बऱ्याच एसींमध्ये आर-410ए नावाचा वायू असतो, साधारण एक किलोच्या आसपास. हा एक किलो हवेत सुटला, तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो. एका भारतीयाचा जवळपास वर्षभराचा कोटा, अर्ध्या मिनिटात! तोच एसी साडेतीन-चार उन्हाळे रात्रभर चालवल्याइतका. आणि तो सुटतो कधी? आपण फ्लॅट बदलतो तेव्हा. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपलं, घरमालकाने भाडं वाढवलं, टेम्पो खाली उभा आहे. मेकॅनिक घाईघाईने पाईप सोडवतो आणि... फुस्स! नव्या घरी पुन्हा गॅस भरायचा, पुन्हा दोन-तीन हजारांची फोडणी. या वायूंना आवर घालायचा किगाली करार 2016 चा. भारताने तो 2021 मध्ये मान्य केला, पण आपल्याकडे प्रत्यक्ष कपात सुरू होणार 2032 पासून. तोवर आपण किती फ्लॅट बदलू, हे ज्याचं त्याने मोजावं.

यावरचे उपाय साधे आहेत. एसी काढण्याआधी गॅस आउटडोअर युनिटमध्ये 'लॉक' करून घ्यायला सांगा. 'पंप डाऊन' म्हटलं की कामाच्या माणसाला कळतं, आणि त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. 'दर वर्षी गॅस भरावाच लागते' असं कोणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. सिस्टीम बंद असते. गॅस संपला याचा अर्थ तो कुठेतरी गळतोय, तेव्हा आधी गळती शोधायची, मगच भरायचा. नवा एसी घेताना स्टार मोजता तसा लेबलवरचा वायूही वाचा. आर-32 चा ताप आर-410ए च्या एक तृतीयांश आहे आणि आर-290 चा तर नावापुरता. आणि 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर सेट होऊन येतात, तर त्यांना तिथेच राहू द्या. एका अंशाने साधारण सहा टक्के वीज वाचते.

याने 313 कोटी टनांचा ग्राफ खाली येईल का? एकट्याच्या एसीने नाही. कोराडीत काय जळतं आणि किती, हे ठरवणारे लोक वेगळे, आणि त्यांना प्रश्न विचारायचं काम आपलंच. पण पहिला ग्राफ वर चढतो तो अशाच कोट्यवधी फुस्सफुस्सांनी. त्यातला निदान एक आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी मेकॅनिक पाना घेऊन बाल्कनीत उतरला, की मोबाइल खिशात ठेवा आणि कान द्या. काहीच आवाज आला नाही, तर त्याला चहा पाजा.